सिरोंच्याची नदी आणि हिंगणघाटचा कापूस

आज ज्या गांवाच्या निमित्तानें मी आपणांशीं बोलणार आहें, त्याचें नांव मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरांतून वर्षाकांठीं एकदां तरी उच्चारलें जात असेल कीं नाहीं, याची मला शंका आहे. महाराष्ट्राचा नकाशा समोर धरावा आणि बोट पूर्वेकडे अगदीं शेवटल्या टोंकापर्यंत न्यावें. तेथें प्राणहिता नदी गोदावरीला मिळते. त्या संगमाच्या किंचित् वरच्या अंगास, प्राणहितेच्या डाव्या तीरावर, सिरोंचा हें गांव वसलेलें आहे. पैलतीरीं कालेश्वराचें देवालय असून तेथें एकाच पीठावर दोन शिवलिंगें पाहावयास मिळतात. सिरोंच्याच्या बाजारांत मराठीच्या बरोबरीनें तेलुगु कानीं पडते आणि भोंवतालच्या रानांत गोंड व माडिया लोकांच्या बोली नांदतात. १९८२ सालीं चंद्रपूरपासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हांपासून हा तालुका त्या जिल्ह्यांत मोडतो; परंतु जिल्ह्याचें ठाणें गांठावयाचें तर आजही सुमारें २०० किलोमीटरांचा रस्ता तुडवावा लागतो.

असें हें आडवळणाचें गांव एके काळीं स्वतःच एका जिल्ह्याचें ठाणें होतें, आणि त्याच्या त्या वैभवाला दूरच्या कापसाची आशा हें एक मोठें कारण होतें, असें सांगितलें तर आपणांस नवल वाटेल. सिरोंच्याच्या भोंवतीं साग आहे, बांबू आहे, मोहाचीं झाडें आहेत. कापसाचा खरा प्रदेश येथून कित्येक दिवसांच्या वाटेवर, वर्धा आणि हिंगणघाटच्या काळ्या मातींत. माल पिकतो एके ठिकाणीं, खपतो दुसऱ्या ठिकाणीं, आणि मधल्या वाटेची योजना तिसऱ्याच ठिकाणीं बसलेलीं माणसें करतात. या तिघांची गांठ एका नदीवर कशी पडली आणि पुढें ती कशी सुटली, त्याची ही हकीकत आहे.

१८५३ सालीं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत आलें आणि दुसऱ्याच वर्षीं त्यांनीं नागपूरचें राज्य खालसा केलें. हिंदुस्थानांतील उत्तम कापसाच्या जमिनींचा एक मोठा पट्टा असा लागोपाठ कंपनी सरकारच्या हातीं पडला. जमीन हातीं आली तरी तेथील कापूस समुद्रापर्यंत न्यावयाचा कसा, हा प्रश्न मात्र तसाच उभा होता. त्या काळीं माल वाहून नेत ते लमाणांचे तांडे. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून ते उत्तरेस गंगेकांठच्या मिर्झापूरपर्यंत जात, व तेथून माल नावांतून कलकत्त्याकडे जाई. किंवा पश्चिमेस घाट उतरून मुंबईची वाट धरीत. सैल भरलेल्या गोणींत धूळ जाई, बैलाचा घाम मुरे, झाडाझुडपांत ओरखडून कापूस गळे. वाटेंत पाऊस लागला म्हणजे काळ्या मातींत खूर रुतत, तांडा जागच्या जागीं बसे, आणि कापसाचें वजन व त्याची दुर्दशा हीं दोन्हीं बरोबरच वाढत.

येथें या लमाणांविषयीं एक शब्द बोलल्यावांचून राहवत नाहीं. त्यांच्या मंद गतीविषयीं इंग्रज अधिकाऱ्यांनीं पुष्कळ कुरकुर केली. पण जातांना कापूस किंवा धान्य नेणारा त्यांचा बैल येतांना मीठ घेऊन येई. मोकळ्या पाठीनें तो सहसा परतत नसे. रिकामी खेप ही वाहतुकीच्या धंद्यांतील सर्वांत महाग गोष्ट आहे, हें आज मोठमोठ्या कंपन्या हिशेबयंत्रांच्या साहाय्यानें शोधून काढतात. तांड्याच्या नायकाला तें उपजत ठाऊक होतें.

आतां नदीकडे वळूं. सर ऑर्थर कॉटन हा मद्रास इलाख्यांतील लष्करी इंजिनियर. त्याच्या आडनांवाचा अर्थच कापूस असा होतो, हा निव्वळ योगायोग. राजमहेंद्रीच्या खालीं धवळेश्वरम् येथें १८४७ ते १८५२ या काळांत त्यानें गोदावरीवर बंधारा घातला आणि दुष्काळानें गांजलेल्या त्या मुखाकडील प्रदेशाचा कायापालट केला. त्या भागांतील शेतकरी आजही त्याच्या पुतळ्याला हार घालतात. परकी अमदानींतील किती अंमलदारांच्या वांट्याला हें भाग्य आलें असेल? या कॉटनची एक दृढ श्रद्धा होती. पाण्यावरून माल नेणें हें रुळांवरून नेण्यापेक्षां अनेक पटींनीं स्वस्त, तेव्हां हिंदुस्थानानें आगगाडीच्या मागें न लागतां नद्या व कालवे वाहतुकीस योग्य करावे, असें तो आग्रहानें सांगे. १८७८ सालीं, म्हणजे वय पंचाहत्तरीस आलें असतां, पार्लमेंटच्या समितीपुढेंही तो हेंच प्रतिपादन करीत होता.

नकाशा पाहिला तर त्याच्या म्हणण्यांतील आकर्षण तत्काळ ध्यानांत येतें. वर्धा नदी कापसाच्या मुलखाच्या कडेनेंच वाहते. चपराळ्याजवळ तिला वैनगंगा मिळते आणि दोघींची मिळून प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्यापाशीं गोदावरींत शिरते. थोडें खालीं बस्तरांतून येणारी इंद्रावती मिळते. पुढें भद्राचलम्, मग पूर्वघाटाला चिरीत जाणारी ती अरुंद खिंड, मग राजमहेंद्री, आणि तेथून कॉटनच्याच कालव्यांनीं काकिनाड्याचें बंदर. निसर्गानें जणूं नागपूरच्या दारापासून समुद्रापर्यंत एक मार्ग आंखून ठेवला होता, आणि त्याच्या अगदीं मधोमध सिरोंचा होतें.

अडचण होती ती खडकांची. तीन ठिकाणीं नदीचें पात्र दगडांनीं भरलेलें होतें आणि तेथें पाणी फेंसाळत, उड्या घेत खालीं येई. खालून पहिला अडथळा भद्राचलम्च्या वर दुम्मागुडेम् येथें, दुसरा इंद्रावतीच्या संगमाखालीं इंचमपल्लीजवळ, आणि तिसरा सिरोंच्याच्या वर, प्राणहितेवर, देवलमरीपाशीं. या प्रत्येक ठिकाणीं बंधारा घालून पाणी तुंबवावें, बाजूनें कालवा काढावा आणि त्यांत लॉक बसवावें, अशी योजना होती. लॉक म्हणजे पाण्याचा जिनाच म्हणाना. दोन मजबूत दरवाजांमधील कोंडींत नाव घ्यावयाची, मागचा दरवाजा लावावयाचा, आणि वरचें पाणी आंत सोडलें कीं पाण्याबरोबर नाव आपोआप वर चढते. खालीं उतरावयाचें तर पाणी सोडून द्यावयाचें. हें काम कॅप्टन हेग या इंजिनियराकडे सोंपविण्यांत आलें.

योजनेचीं पावलें पडण्यापूर्वींच या मुलखांत इंग्रजांचें दुसरें एक यंत्र येऊन पोंचलें होतें, तें म्हणजे तारायंत्र. १८५८ च्या एप्रिलमध्यें प्राणहितेकांठीं चिंचगुंडी येथें तारखात्याच्या माणसांचा तळ पडला असतां बाबुराव शेडमाके आणि त्यांचे सहकारी यांनीं त्यावर हल्ला केला. गार्टलंड आणि हॉल हे दोन गोरे नोकर मारले गेले. त्याच वर्षीं २१ ऑक्टोबर रोजीं चांद्यास बाबुरावांना फांशीं देण्यांत आलें. स्वातंत्र्यसमराच्या इतिहासांत ही हकीकत आपण वाचतों. वाहतुकीच्या इतिहासांतही तिला स्थान आहे. कारण रानांतून जाणारी तार, नदींतून जाणारी बोट आणि मालाची गोणी यांच्याकडे तेथील रहिवासी केवळ सोय म्हणून पाहूं शकत नव्हते. त्यांच्या दृष्टीनें तीं राज्य घेणाऱ्याचीं पावलें होतीं, आणि तो त्यांचा भ्रम होता असें कोण म्हणेल?

१८६० सालीं निजामाशीं झालेल्या तहानें गोदावरीच्या डाव्या तीरावरील सिरोंचा, नुगूर, अल्बाका, चेर्ला, भद्राचलम् व रेकापल्ली हे सहा तालुके इंग्रजांकडे आले, आणि नदीवरून जाणाऱ्या मालावर जकात घेऊं नये असेंही ठरलें. दोन तीरांवर दोन राज्यें असली म्हणजे नाव कोठें अडेल याचा नेम नसतो. तेव्हां खडक फोडण्यापूर्वीं ही दुसऱ्या प्रकारची अडचण दूर करणें शहाणपणाचेंच होतें. १८६१ मध्यें मध्यप्रांत स्थापन झाला. त्यांत 'अपर गोदावरी' नांवाचा नवा जिल्हा करण्यांत आला आणि सिरोंच्यास डेप्युटी कमिशनराची कचेरी आली. येथील डेप्युटी कमिशनर कॅप्टन ग्लासफर्ड यानें १८६२ सालीं शेजारच्या बस्तर संस्थानाविषयीं लिहिलेला अहवाल अभ्यासक आजही उघडून पाहतात.

नेमक्या याच वेळीं समुद्रापलीकडे अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. १८६१ ते १८६५ या चार वर्षांत अमेरिकन कापूस विलायतेस जाणें जवळजवळ बंद पडलें. लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या, मजुरांची उपासमार सुरू झाली आणि गिरणीवाल्यांनीं हिंदुस्थानच्या कापसासाठीं सरकारमागें धोशा लावला. हिंगणघाटच्या मालाला मुंबईंत सोन्याचा भाव आला. मध्यप्रांताचा चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल हा या जलमार्गाचा मोठा पुरस्कर्ता. खालीं कापूस जाईल, वर समुद्रकांठचें मीठ येईल, अशी त्याची कल्पना होती. पाहा, लमाणांचाच हिशेब! दुम्मागुडेम् येथें सुरुंगांचे आवाज होऊं लागले. समुद्रकांठाहून मजूर आणावे लागत, आणि रानांतील हिंवतापानें ते पटापट आजारी पडत.

आतां या योजनेच्या मर्माशीं आपण आलों आहों. नदीनें माल नेण्यास दर मैलामागें किती खर्च येईल याचे आंकडे कॉटन आणि त्याचे अनुयायी यांनीं मोठ्या परिश्रमानें मांडले, आणि ते आंकडे चुकीचे होते असें मला वाटत नाहीं. वाहत्या पाण्यावरून जड माल नेणें स्वस्तच असतें. परंतु मैलांच्या हिशेबाइतकाच महिन्यांचाही हिशेब असतो, आणि त्याला त्यांच्या उत्साहांत फारच थोडी जागा मिळाली.

तो हिशेब असा. गोदावरी आणि प्राणहिता या कांहीं हिमालयांतून येणाऱ्या नद्या नव्हेत. त्यांना पाणी पावसाचें. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत त्या दुथडी भरून वाहतात. दिवाळीनंतर पाणी झपाट्यानें उतरतें, आणि उन्हाळ्यांत सिरोंच्यापाशीं वाळूच्या विस्तीर्ण पात्रांतून चार-दोन धारा तेवढ्या उरतात. कापसाचा क्रम याच्या अगदीं उलट. पावसाबरोबर पेरणी, कार्तिकाच्या सुमारास पहिली वेचणी. पुढें पौष-माघापर्यंत वेचण्या चालतात, आणि सरकी काढून रुई बाजारांत येते ती हिंवाळ्यांत व उन्हाळ्यांत. म्हणजे नाव चालते तेव्हां कापूस शेतांत उभा, आणि कापूस वखारींत येतो तेव्हां नाव वाळूंत रुतलेली! जानेवारींत तयार झालेली रुई या मार्गानें न्यावयाची तर तिला जुलैपर्यंत नदीकांठीं थांबणें प्राप्त. सहा महिने वखारीचें भाडें, आगीची भीति, वळवाच्या पावसाची भीति, आणि या सर्वांवर व्यापाऱ्याच्या गुंतलेल्या भांडवलाचें व्याज. शिवाय भाव त्याच्यासाठीं थांबत नाहीं. १८६५ च्या वसंतांत अमेरिकेंतील युद्ध संपलें आणि कापसाचे भाव असे कोसळले कीं मुंबईंतील मोठमोठ्या पेढ्या जमीनदोस्त झाल्या. त्या वर्षीं ज्याचा माल वाटेंत अडकला असेल, त्याला दर मैलाचा स्वस्त दर काय कामाचा?

याच नदीवरून दुसरा एक माल मात्र बिनबोभाट जात होता, तो म्हणजे साग. सिरोंचा आणि अहेरीच्या रानांतील सागाची ख्याति मोठी. हिंवाळ्यांत झाडें तोडावयाचीं, उन्हाळ्यांत जमीन कठीण असतां रेड्या-बैलांकडून ओंडके ओढून नदीकांठीं आणावयाचे, त्यांवर मालकाचा ठसा मारावयाचा, आणि वाट पाहावयाची. पावसाचा पहिला लोंढा ओसरून पाणी जरा स्थिरावलें कीं ओंडक्यांचे तराफे बांधीत. ओलें सागाचें लाकूड पाण्यांत जड पडतें, म्हणून त्याच्या अंगाला बांबूंच्या मोळ्या जखडीत. मग ते तराफे राजमहेंद्रीकडे निघत. चढावर परत यावयाचा प्रश्न नव्हता. तराफाच विकला जाई, बांबूसुद्धां. या व्यवहारांत कोणतेंही यंत्र नव्हतें, आणि वेळापत्रक मात्र असें कीं त्यांत हिंवाळा, उन्हाळा व पावसाळा या तिघांनाही आपापलें काम नेमून दिलेलें. सहा महिने नदीकांठीं पडून राहिल्यानें सागाचें नुकसान होत नाहीं. उलट तो वाळतो, मुरतो, हलका होतो. जो विलंब कापसाला घातक तोच सागाला गुणकारी! एकच नदी, एकच वाट, आणि दोन मालांना तिनें दिलेलीं अगदीं निराळीं उत्तरें. सिरोंच्याच्या घाटावरील कोणत्याही तराफेवाल्यास हें विचारलें असतें तर त्यानें तें सांगितलें असतें. परंतु विचारणार कोण?

इकडे खडक फुटत असतां तिकडे पश्चिमेकडून दुसरा प्रतिस्पर्धी चालून येत होता. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६७ च्या फेब्रुवारींत नागपूरला पोंचली. १८७० सालीं लॉर्ड मेयोनें खामगांवच्या शाखेचें उद्‌घाटन केलें आणि कापसाच्या बाजाराच्या अंगणांत आगगाडी आणून उभी केली. ती जानेवारींत चालते आणि मे महिन्यांतही चालते. तिला पंचांग पाहावें लागत नाहीं. त्याच सुमारास वाफेचे दाबयंत्र आले. पूर्वीं सैल बोजा असे, त्याची आतां घट्ट गांठ होऊं लागली. मुंबईकडील गांठ ३९२ पौंडांची ठरली, म्हणजे एका डब्यांत किती माल बसेल आणि जहाजांत किती, हें मोजल्यावांचून सांगतां येऊं लागलें. १८६९ च्या नोव्हेंबरांत सुएझचा कालवा खुला झाला आणि युरोपचें तोंड मुंबईकडे वळलें. गोदावरीचा मार्ग पूर्व समुद्राला जात होता. तेथून विलायतेस जाणाऱ्या जहाजाला सुएझ गांठण्यासाठीं लंकेला वळसा घालणें भाग. १८७० मध्यें समुद्रांतील तार मुंबईस आली, तेव्हां लिव्हरपूलचा भाव येथील दलालास त्वरित कळूं लागला. रूळ, दाबयंत्र, कालवा आणि तार या चार गोष्टी चार निरनिराळ्या लोकांनीं, परस्परांशीं फारसा विचारविनिमय न करतां केल्या. पण त्या एकमेकींत अशा बसल्या कीं एका अखंड सांखळीचे दुवेच भासाव्या.

आणि १८७१ सालीं सरकारनें गोदावरीच्या वरच्या जलमार्गाचें काम सोडून दिलें. पहिल्या अडथळ्यापाशीं पुष्कळसें काम झालें होतें. पुढील दोहोंवर जें झालें त्याचा उपयोग होण्यासारखा नव्हता. सांखळीचा दुवा अर्धा करून ठेवण्यांत कांहीं अर्थ नसतो. तीन खडकांपैकीं दोन फोडले आणि तिसरा राहिला, तर मार्ग दोनतृतीयांश होत नाहीं. तो मुळींच होत नाहीं. दुम्मागुडेम्चा बंधारा मात्र अजून उभा आहे.

कॉटनला या सर्व प्रकरणांत वेड्यांत काढण्याची एक पद्धत पडून गेली आहे, ती मला मान्य नाहीं. धवळेश्वरास त्याला यश आलें, कारण तेथें तो पाण्याला शेतीच्या वेळापत्रकाशीं जोडीत होता. रेल्वेनें या देशाचा जो पैसा खाल्ला आणि दुष्काळांत जें धान्य बाहेर नेलें, त्याविषयींचे त्याचे टीकालेख आजही विचारांत घेण्यासारखे आहेत. पण वर्धा-प्राणहितेच्या बाबतींत तो आपल्या श्रद्धेच्या आहारीं गेला, एवढें म्हणणें भाग आहे.

कापसाची गोष्ट पुढें आणखी एका वळणावर गेली. जमशेटजी टाटांनीं १८७७ च्या पहिल्या दिवशीं नागपुरास एंप्रेस मिल सुरू केली. कापूस जवळ, आगगाडी दाराशीं, वरोऱ्याचा कोळसा हाकेच्या अंतरावर. कच्चा माल दूरच्या गिरणीकडे धाडण्याऐवजीं गिरणीच मालाकडे आणली, म्हणजे वाटेचा प्रश्नच निम्मा उरतो, हा विचार कोणाही सरकारी इंजिनियराच्या अहवालांत नव्हता.

सिरोंच्याचें काय झालें? १८७४ सालीं अपर गोदावरी जिल्हा मोडण्यांत आला. भद्राचलम् आणि रेकापल्ली मद्रास इलाख्याकडे गेलीं, सिरोंचा चांदा जिल्ह्याची एक तहसील झाली. ज्या नदीसाठीं हें गांव जिल्ह्याचें ठाणें झालें, तीच नदी पुढें दीडशें वर्षें त्याच्या आड आली. १९२९ च्या सुमारास बल्लारशाह ते काझीपेठ हा लोहमार्ग पुरा होऊन दिल्ली-मद्रासची गाडी धांवूं लागली. पण ती गेली पैलतीराच्या बऱ्याच पलीकडून. सिरोंच्याच्या माणसाला आगगाडी पाहावयाची तर आधीं नावेंत बसून प्राणहिता ओलांडणें प्राप्त होतें. गरोदर बाई असो, मिरचीचीं पोतीं असोत कीं शाळेचीं पुस्तकें असोत, नावाडी सांगेल ती वेळ. प्राणहितेवर सिरोंच्यापाशीं पूल झाला तो एकविसाव्या शतकाचें दुसरें दशक उजाडल्यानंतर.

तरीही नदी आणि तिला मिळणारे ओढे यांनीं आपला हक्क सोडलेला नाहीं. पावसाळ्यांत सिरोंचा आणि भामरागड तालुक्यांतील कित्येक गांवांची वाट आजही तुटते, कधीं चार दिवस, कधीं त्याहून अधिक. म्हणून सरकारच्या नवसंजीवन योजनेखालीं अशा गांवांच्या रास्त भावाच्या दुकानांत पावसाळ्याचें धान्य आधींच भरून ठेवण्याची पद्धत आहे. कोणतें गांव कोणत्या ओढ्यापलीकडे, तेथें कुटुंबें किती, कोणत्या रस्त्यावर मालमोटार कोठवर जाईल आणि तेथून पुढें बैलगाडी लागेल कीं नाव, याची यादी करावी लागते. रोहिणीचा पाऊस लवकर आला तर ती यादी कोलमडते. तेव्हां मे महिन्यांत, ऊन मी म्हणत असतां, वाळूचें पात्र कोरडें आहे तोंवर, तांदुळाचीं पोतीं भरलेल्या मोटारी अहेरी-आलापल्लीच्या सागाच्या रानांतून दक्षिणेकडे जातांना दिसतात.